ताट धरणारे बसूअण्णा

बसूअण्णांना वाट बघणं म्हणून जमत नसे. चहा कपातून बशीत ओतताना त्यांची एवढी घाई चालायची की थोडा बशीत, थोडा लेंग्यावर आणि उरलेला घशात असा तो चहा संपायचा. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी पंगतीची चौकशी. एसटी थांबायच्या आधी पाय पायरीवर. "उरका की! उरकून टाकायचं!" हे शब्द दिवसातून किती वेळा त्यांच्या तोंडून निघायचे ते त्यांच्या घरातल्या कोंबड्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

आजऱ्याच्या पुढं, डोंगराला टेकून असलेल्या एका गावात शिक्षिका म्हणून माझी बदली झाली, तेव्हा एसटीतून उतरल्यावर मला पहिला ऐकू आला तो त्यांचा आवाज. थांब्यासमोरच त्यांचं किराणा दुकान. मी बॅग खाली ठेवून इकडंतिकडं बघत होते.

"ओ पावणं! कुणाच्यात आलासा?"

"शाळेत," मी म्हटलं.

"मग हुब्या का? अगं गौराऽ, नव्या बाई आल्यात! वरची खोली झाडून घे!"

मला खोली हवी आहे असं मी अजून म्हटलंही नव्हतं. बॅग मात्र जिन्यावर चढली होती. पुढची सगळी वर्षं मी त्या खोलीत राहिले. गाव कुठलं विचारलं तेव्हा मी पेठ वडगाव सांगितलं, त्या दिवसापासून मी त्यांची "वडगावच्या बाई" झाले.

अण्णांचं वय साठीच्या पुढचं. अंगानं आडवे, रंगानं काळेसावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घर लिंगायतांचं, बायको गौराक्का संकेश्वरकडच्या, त्यामुळे घरात भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि तापलं की कानडीत जायचं. दुकानात पोरगं आलं की त्यानं तोंड उघडायच्या आत अण्णांनी पुडी बांधलेली असायची. "आईनं साखरच सांगितली असंल, न्हे जा." निम्म्या वेळा आईनं गूळ सांगितलेला असायचा. मग ती आई यायची, अण्णांना चार शब्द सुनवायची, आणि अण्णा पुडी बदलताना म्हणायचे, "आगं, च्या तर गोडच हुनार न्हवं?"

शाळा समितीचे ते अध्यक्ष. प्रजासत्ताक दिनाला मी त्यांना भाषणाची विनंती केली. ते उठले, समोर उन्हात उभी पोरं बघितली आणि म्हणाले, "पोरांनो, शिका, खावा, आन घरला जावा." एवढं बोलून स्वतःच टाळ्या वाजवल्या. इतकं नेमकं भाषण मी नोकरीत दुसरं ऐकलेलं नाही.

सकाळची पूजा तेवढी ते सावकाश करत. डाव्या तळहातावर लिंग घेऊन, डोळे मिटून, ओठ न हलवता ते बसले की घरात भांडं वाजवायची कुणाची छाती नव्हती. तेवढा वेळ अण्णा वेगळेच कुणीतरी वाटायचे.

गावच्या रवळनाथाच्या देवळातल्या पंचांपैकी ते एक होते. गावात काही कुरापत झाली, कुणाचा बांध कोरला गेला, कुणाच्या पेंढ्या गेल्या, तर पोलीस वगैरे लांबची गोष्ट. देवळात बेलभंडारा निघायचा. पितळी ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ठेवायचा. ज्याच्यावर संशय, त्यानं तो देवासमोर उचलायचा आणि "मी केलं न्हाई" म्हणायचं. उचलला की विषय संपला. मग त्याच्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघायचं नाही. आणि उचलताना हात थांबला, तर तोही निकालच. हे ताट वर्षानुवर्षं बसूअण्णा धरत आले होते. गावाचा त्यांच्यावर तेवढा विश्वास होता.

आता मायाप्पाविषयी सांगायला हवं. हा हातकणंगल्याकडचा धनगर. भाताच्या काढण्या झाल्या की मेंढरं, घोडं, कुत्री आणि बायको सुंदरा यांना घेऊन तो आमच्या बाजूला उतरायचा. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून गाव त्याची वाट बघायचं, आणि त्याची मेंढरं पहिल्यांदा बसायची ती अण्णांच्या शेतात. अण्णांचा आणि त्याचा मेळ कसा जमला हे मला कोडंच होतं. अण्णांचा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार, आणि मायाप्पा असा की त्याला आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्या मिळायचं. एकदा अण्णांनी विचारलं, "मायाप्पा, औंदा पाऊस कसा हुईल रं?" तो गप्प. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बरा हुईल." अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे. पण तो आला नाही तर त्यांचा दिवस जायचा नाही.

तिकडं काजूच्या बागा डोंगराच्या पायथ्याला आहेत. काजूबी खाली पडायला लागायच्या आधी झाडांखालचा पाला झाडून ढीग करतात आणि पेटवतात, म्हणजे बी वेचायला सोपी जाते. त्या गावात वरचा माळही दरवर्षी जाळायचे. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, असं सगळेच मानायचे. पण पाला पेटवायचा तो पहाटे, दंव असताना, वारा सुटायच्या आत. सोबत चार माणसं, पाण्याची घागर आणि आग झोडपायला हातात ओल्या फांद्यांचे टाहाळे. ही रीत अण्णांना लहानपणापासून ठाऊक होती.

त्या दिवशी ढीग तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना गडहिंग्लजला लग्नाला जायचं होतं. तेव्हा त्यांनी काय केलं असेल हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगता येईल. भर दुपारी, एकट्यानं, त्यांनी काडी ओढली. पाला भुरुभुरु जळाला. राखेवर पाय दिला, आणि ते जेवायला घरी आले. गौराक्कांनी वाढलं. ते जेवत असताना वारा सुटला.

मी शाळेत होते. पोरांनी खिडकीतून धूर दाखवला तेव्हा तो एका हाताएवढा होता. शाळा सोडेपर्यंत डोंगराचा अर्धा उतार पेटला होता. आग वर चढते तेव्हा तिचा आवाज येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कडाकड आवाज येत होता, करवंदीच्या जाळ्या पेट घेत होत्या, आणि घाबरलेले पक्षी धुरातून खाली आमच्या कौलांवर येऊन बसत होते. गाव टाहाळे घेऊन धावलं. सगळ्यात आधी पोचला तो मायाप्पा, कारण त्याचा तळ शेजारच्याच बांधावर होता. त्याच्याजवळ टाहाळा नव्हता. अंगावरचं घोंगडं काढून त्यानं आग झोडपली. घोंगडं जळून त्याच्या हातात नुसती कड राहिली, तरी तो झोडपत होता.

रात्र पडता पडता आग विझली, ती देवराईच्या कडेला जाऊन. तोवर बागाच्या बागा गेल्या होत्या, डोंगर काळा झाला होता, आणि रामू सुताराची गाभण म्हैस गोठ्यात दाव्याला बांधलेली होती, तिला सोडवायला कुणी पोचू शकलं नव्हतं. रामू सुतार रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडत होता. अण्णांची स्वतःची बागही जळाली होती. त्यामुळे त्यांचं नाव कुणाच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःची बाग कोण जाळेल?

अण्णांना मात्र त्याच संध्याकाळी कळलं होतं. ते बागेत गेले, आणि काळा पट्टा कुठून सुरू होतो ते त्यांनी बघितलं. हे त्यांनी मला फार पुढं सांगितलं. "माझ्याच ढिगापास्नं निघाल्यालं बाई. सरळ. कुनाला बी कळलं असतं, पर बघाय कोन आलंच न्हाई."

पुढचे दिवस वाईट गेले. माणसं एकमेकांशी नीट बोलेनात. पाणवठ्यावर बायका दोन गटांत उभ्या राहायला लागल्या. ज्याची बाग वाचली त्याच्यावर संशय, ज्याचं जुनं भांडण त्याच्यावर संशय. शेवटी पंचांनी ठरवलं, बेलभंडारा काढायचा. ज्या कडेनं आग चढली तिथं ज्यांच्या बागा आहेत त्यांनी उचलायचा, आणि मायाप्पानंही, कारण त्याची चूल तिथंच बांधाला होती.

देवळात सगळं गाव जमलं होतं. मी बायकांच्या बाजूला खांबापाशी होते. अण्णा ताट धरून उभे. एकेक जण पुढं आला, भंडारा उचलला, "मी आग लावली न्हाई" म्हणाला आणि मागं सरला. आता मला वाटतं, अण्णांची बाग तर अगदी कडेची. मग त्यांनी उचलायला नको होता का? पण जो ताट धरतो त्याला कोण विचारणार? तसं कधी झालंच नव्हतं. त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मायाप्पा पुढं आला. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. त्यानं हात ताटापर्यंत नेला आणि थांबवला.

"उचल की," मागून कुणीतरी म्हणालं.

मायाप्पा बराच वेळ ताटाकडं बघत राहिला. त्याची ती सवयच होती, पण त्या दिवशी कुणाला थांबायला वेळ नव्हता.

"मी चूल इझवलेली," तो म्हणाला. "पानी बी मारल्यालं. पर राखंत एखादा इंगळ ऱ्हायला असंल तर? मला ठावं न्हाई. ठावं न्हाई तर द्येवाम्होरं कसं उचलू?"

खोटं बोलायचं नाही म्हणून तो थांबला होता. गावाला मात्र उत्तर मिळालं होतं. रामू सुताराचा भाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. दोघांनी त्याला मागं ओढलं. कोण काय बोललं ते मी इथं लिहीत नाही. सुंदरा मध्ये पडली आणि तिच्या वाट्यालाही ते आलं. "फुडच्या साली हिकडं मेंढरं दिसली तर बघ," असं सांगून त्यांना गावाबाहेर काढलं. दुपारच्या उन्हात ती मेंढरं रस्त्यानं गेली. मायाप्पानं जाताना एकदा दुकानाकडं वळून बघितलं. दुकान बंद होतं.

अण्णा ताट घेऊन तसेच गाभाऱ्याच्या दाराशी उभे होते. ज्या माणसाचा आवाज डोंगरापलीकडं जायचा, तो आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला, आणि नको तिथं बसला.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. त्यांच्यासमोर चहा ठेवला की त्यावर साय धरायची. दुकानात पोरगं येऊन साखर मागायचं आणि अण्णा त्याच्याकडं नुसते बघत राहायचे. एक दिवस गौराक्का जिना चढून वर आल्या आणि दारातच बसल्या.

"बाई, ह्यांनी पूजा सोडली. लिंग हातावर घेत्यात आन तसंच खाली ठेवत्यात. इभूत लावाय हात जात न्हाई. मी इचारलं तर वराडत्यात बी न्हाईत. वराडलं असतं तर बरं वाटलं असतं ओ."

पहिला मोठा पाऊस झाला आणि ओढ्याला काळं पाणी आलं. डोंगरावर धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. राख आणि माती वाहून भाताच्या खाचरांत बसली. गाव कपाळाला हात लावून बघत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डोक्यावर पोतं घेऊन एकटे डोंगर चढले. अर्धवट जळलेले ओंडके त्यांनी उतारावर आडवे टाकले, मागं दगड लावले, म्हणजे माती अडेल. पाय घसरून पडले, गुडघा फुटला. संध्याकाळी उतरले ते चिखलानं माखलेले. दुसऱ्या दिवशी परत गेले.

आधी लोक हसले. "अण्णाला येड लागलं" म्हणाले. मग रामू सुतार वर गेला. त्याचं त्याला काय वाटलं कोण जाणे, पण म्हशीच्या दुःखात घरात बसण्यापेक्षा दगड उचललेले बरे, असं म्हणाला. मग बचत गटाच्या बायका गेल्या. शाळेतल्या पोरांना मी जांभूळ, फणस, हिरडा, जे मिळेल त्याच्या बिया गोळा करायला लावलं. शेणमातीत वळून ते गोळे आम्ही उतारावर टाकले. पाणवठ्यावर एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहणाऱ्या बायका डोंगरावर मातीच्या एकाच पाटीला दोन बाजूंनी हात लावायला लागल्या. पाटी जड असते, एकटीला उचलत नाही. बोलल्याशिवाय ती उचलता येत नाही. गावाची बोलाचाल परत सुरू झाली ती अशी.

वनखात्याच्या गार्डनं जाळपट्टा कसा काढायचा ते दाखवलं. गवत कापून, झाडून, डोंगरावर मोकळी वाट ठेवायची म्हणजे आग पुढं जात नाही. काजूचा पाला आता कुणी पेटवेना. खड्ड्यात टाकून त्याचं खत करायचं ठरलं. उन्हाळ्यात टेकाडावर बसून राखण करायच्या पाळ्या लागल्या. सगळ्याला पुढं अण्णाच. बी रुजली का हे बघायला ते रोज जायचे आणि उकिडवे बसून मातीकडं बघत राहायचे. मला विचारायचे, "बाई, जांभळीला कोंब याला किती दिस लागत्यात? मला उकरून बघावंसं वाटतंय ओ, पर न्हाई उकरत."

भाताच्या काढण्या झाल्या. त्या साली मेंढरं आली नाहीत. गवत कमरेएवढं वाढलं आणि वाळलं. ते कापून कापून सगळ्यांचे हात सोलले. गार्ड सहज म्हणाला, "मेंढरं असती तर एवढं गवत राहिलंच नसतं. तुमच्याकडं धनगर येत नाहीत काय?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. अण्णा विळा तिथंच टाकून खाली उतरले.

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या शिवारातून आग आली. पण आमच्या जाळपट्ट्यापाशी येऊन ती थांबली, आणि राखणीवरच्या पोरींनी हाक दिल्याबरोबर गाव तिथं हजर होतं. संध्याकाळपर्यंत सगळे घरी जेवायला होते. तो दिवस गावानं सणासारखा घेतला. मग ठरलं, ग्रामसभेत अण्णांचा सत्कार करायचा. माझी कोल्हापूरला बदली झाली होती, त्यामुळे माझा निरोप आणि त्यांचा सत्कार एकदमच होता.

सरपंच शाल उघडून उभे राहिले तेव्हा अण्णांनी ती हातानं बाजूला केली.

"थांबा. आदी ऐका. ती आग मायाप्पाची न्हवं. माझी हाय. माझ्या बागंतला पाला मी दुपारच्याला पेटवला आन जेवाय गेलो. मला त्याच दिवशी कळलेलं. ताट धरून हुबा ऱ्हायलो आन त्याला उचलाय लावलं."

मी रामू सुताराकडं बघत होते. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तो मान हलवत राहिला, नुसती मान. मला वाटलं आता उठेल, धावून जाईल. पण तो म्हणाला, "अण्णा, माझ्या बी बागंतला पाला मी पेटवायचोच की. त्या साली तुमचं गेलं, फुडच्या साली माझं गेलं असतं."

मग एकदम सगळ्यांना वाचा फुटली. माळ तर सगळेच जाळत होते. कुणाच्या आज्यानं जाळला होता, कुणाच्या बापानं. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, तू येवढा डोंगूर हुबा केलास, आता काय राखुंडी उकरतोस?" सरपंचांनी डोळे पुसले आणि शाल त्यांच्या खांद्यावर टाकलीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं खरोखर चांगली होती हो. त्यांनी एका क्षणात अण्णांना माफ करून टाकलं.

"आन मायाप्पाचं काय?" अण्णांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "त्यो कुठं आपल्या गावचा हाय अण्णा? गेला त्यो. कुठं हुडकत बसतासा?"

अण्णांनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. ते निघून गेले. जेवणं झाली, पण कुणी पोटभर जेवलं नाही.

मी राजारामपुरीत राहायला आले. पावसाळा सरला आणि एका दुपारी दारात अण्णा उभे. हातात काजूची पिशवी. पाणी पिऊन झाल्याबरोबर म्हणाले, "बाई, तुमच्या वडगावचा जनावरांचा बाजार सोमवारीच असतोय न्हवं? धनगर येत्यात काय त्येला?"

मायाप्पाच्या गावाला ते जाऊन आले होते. तो मेंढरं घेऊन बाहेर होता, कुठं ते घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. बाजाराला मात्र तो येतो असं भावकीतल्या एकानं सांगितलं होतं. मग आमचे सोमवार सुरू झाले. मला सुट्टी असेल तेव्हा मी जायची, नाहीतर ते एकटे. बाजारभर फिरायचे, प्रत्येक घोंगडीवाल्याचा चेहरा बघायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, भेटला तर काय म्हणणार?"

"मारंल," ते म्हणाले. "मारूदे. मला त्येवढंच पायजे. गावानं मारलं न्हाई ओ बाई, शाल घातली. ती शाल मला रोज रात्री गळ्याला बसती."

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी तो भेटला. बाजाराच्या कडेला, बाभळीखाली, आठ-दहा मेंढरं घेऊन बसला होता. खंगला होता. सुंदरा पलीकडं बसून कोकराला पाणी पाजत होती. त्यांच्या शेजारी एक शिळ्या भाकरीचं फडकं सोडलेलं होतं. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी दोन पावलं मागं थांबले.

मायाप्पानं वर बघितलं. ओळखलं, आणि घाईनं उठून उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. आणि मग तोच हात जोडून म्हणाला, "अण्णा, मी आता तुमच्या बाजूला येत न्हाई. कुटं बी चूल पेटवत न्हाई."

अण्णांच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. "मायाप्पा, आग माजी हुती रं. माज्या ढिगाची. मी दुपारी पेटवला. मला ठावं असून तुला ताट धरलं. मी गावाला सांगितलंय, पर तुला सांगाय आलोय. तू मार मला. काय बी कर."

मेंढरं ओरडत होती, कुणीतरी शेजारी सौदा करत होतं.

"म्हंजी चूल न्हवती?" मायाप्पानं विचारलं.

"न्हवती."

"राखंतला इंगळ न्हवता?"

"न्हाई रं. माजी काडी हुती."

"नक्की?"

"नक्की."

अण्णांनी हात जोडले. मायाप्पानं ते बघितले की नाही, मला सांगता येत नाही. तो वळला होता.

"सुंदरे," तो म्हणाला. मग जोरात, मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं एवढ्या जोरात, "अगं सुंदरे! ऐकलंस का? आपली चूल न्हवती!"

सुंदराच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. ती तशीच धावत आली आणि नवऱ्याचे दोन्ही हात धरून तळवे उलटेसुलटे बघायला लागली, जणू आत्ताच कुणी सांगितलं होतं की ते हात स्वच्छ आहेत. "तवापास्नं रोज म्हनत हुता," ती रडत रडत म्हणाली, आमच्याकडं नव्हे, त्याच्याकडंच बघून, "माज्या हातनं मुकं जनावर जळालं, माज्या हातनं जळालं. भाकरी खाईना की वो ह्यो मानूस." मायाप्पा खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. तीही त्याच्याशेजारी मातीत बसली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत तेच तेच म्हणत राहिली, "न्हवती न्हवं? न्हवती की. आपली न्हवती."

बसूअण्णा समोर हात जोडून उभे होते. त्या दोघांपैकी कुणालाच त्यांच्याकडं बघायला सवड नव्हती.